गाळातला वायू आणि थंडीतले ऊन

राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा भोपाळचा मोठा तलाव आजही शहराच्या बऱ्याच भागाची तहान भागवितो. २००२ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु अशा तलावाकाठच्या शहराने सांडपाणी शुद्ध केले तरी गाळ मागे उरतोच. तो उघड्यावर टाकला तर पावसाबरोबर पुन्हा पाण्यातच यावयाचा. हाच गाळ हवाबंद टाकीत कुजविला तर जळाऊ वायू मिळतो. यात नवल नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून वायू घेतला गेला होता.

अडचण थंडीची आहे. वायू निर्माण करणारे जंतू ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात. भोपाळची हिवाळी रात्र १० अंशांपर्यंत उतरते आणि वायू आटतो. टाकी तापविण्यासाठी तोच वायू जाळला तर हाती काय उरणार? सुदैवाने तेथे हिवाळ्यात बहुधा आभाळ निरभ्र असते. सौर तापकातील ऊन पाणी टाकीतल्या नळ्यांतून फिरविले आणि टाकीला उष्णतारोधक वेष्टन घातले, की हा तिढा बराचसा सुटतो. खर्च आहे, हे खरे. पण नवे पंप घेताना नगरपालिकांचा जो उत्साह दिसतो, तो गाळाच्या वाट्याला क्वचितच येतो. आमच्या किनाऱ्यावर तर जानेवारीतही पारा १८ अंशांखाली सहसा जात नाही. येथे टाकीला ऊब पुरवावी लागेल ती भोपाळहून पुष्कळ कमी.