पाकिटावरचं ‘कोलेस्ट्रॉल फ्री’ आणि घरची जवसाची चटणी

तेलाच्या पाकिटावर ‘कोलेस्ट्रॉल फ्री’ असं ठळक छापलेलं असतं आणि वस्तीतल्या बाया त्यापायी जास्तीचे पैसे मोजतात. शेंगदाणा, सोयाबीन, करडई, जवस, कोणत्याही बियांच्या तेलात कोलेस्ट्रॉल नसल्यातच जमा असतं. ते मटण, अंड्याचा बलक, तूप यांत असतं, आणि आपलं यकृतही ते रोज तयार करतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ‘सॅच्युरेटेड’ आणि ‘ट्रान्स फॅट’ किती ग्रॅम लिहिलंय, ते वाचा.

तेल-तुपाला शास्त्रात लिपिड म्हणतात. त्याचा कण म्हणजे ग्लिसरॉलच्या छोट्या दांडीला लागलेल्या तीन लांब शेपट्या, म्हणजे फॅटी अ‍ॅसिड. शेपट्या सरळ असल्या तर तुराट्यांच्या पेंढीसारख्या घट्ट बसतात आणि तूप गोठतं. शेपटीला बाक असला की पेंढी बांधली जात नाही, तेल पातळ राहतं. डिसेंबरात नागपुरात खोबरेल बाटलीत दगड होतं, जवसाचं तेल मात्र वाहतं असतं, ते यामुळेच. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन घालून बाक काढतात. हे काम अर्धवट झालं की ट्रान्स फॅट तयार होतं, आणि हृदयाला सगळ्यात घातक तेच. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

म्हणून लेकराच्या भाजीतलं तेल तोडू नका. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धातूनच अंगी लागतात. शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंत फॉस्फोलिपिडच्या दुहेरी थराची असते. ज्याला आपण शिव्या देतो त्या कोलेस्ट्रॉलपासूनच पित्तरस आणि पाळीची संप्रेरकं बनतात.

दोन फॅटी अ‍ॅसिड मात्र शरीराला बनवता येत नाहीत. लिनोलिक सोयाबीन तेलातून भरपूर मिळतं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३. ते आपल्या ताटात कमी पडतं आणि जवसाच्या तेलात जवळपास निम्मं असतं. जवस आपल्या विदर्भाचंच पीक. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधनही चालतं. महागडी ओमेगा-३ ची गोळी घेण्याआधी आजीची चटणी आठवा. जवस मंद भाजा, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटा. आठ दिवस पुरेल एवढीच करा, कारण हे तेल हवेने लवकर खवट होतं. (हवेने घट्ट होण्याच्या याच गुणामुळे ते रंगात घालतात.) या तेलात तळण करू नका. डॉक्टरांनी कोलेस्ट्रॉलची गोळी दिली असेल तर चटणीच्या भरवशावर ती बंद करू नका.

ठेल्यावरच्या आलूबोंड्याचं तेल काळं, फेसाळ दिसलं तर पुढे चला. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायला कायद्याने मनाई आहे. घरी तळून उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल पुरे, तर्री पोह्यावर तरंगणारं तेलही त्यातच धरा.