ट्रॅकिऑस्टॉमी: आयसीयूच्या बेडवर की ऑपरेशन थिएटरमध्ये?

पेशंट आठ-दहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला की डॉक्टर नातेवाइकांना बोलावून सांगतात, "ट्रॅकिऑस्टॉमी करावी लागेल." सोबत दोन शब्द कानावर पडतात: सर्जिकल आणि परक्युटेनियस. थिएटरमध्ये केलेलं काम नीट आणि बेडवर केलेलं घाईचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. पण दोन्ही पद्धती कशा चालतात हे कळलं, तर सही करण्याआधी नेमके प्रश्न विचारता येतात.

मुळात कशासाठी?

तोंडातून घातलेली नळी स्वरयंत्रातून जाते. ती सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागतं. तीच नळी गळ्यातून थेट श्वासनलिकेत बसवली की गुंगी कमी करता येते, कफ काढणं सोपं होतं आणि व्हेंटिलेटर हळूहळू सोडवता येतो.

सर्जिकल पद्धत

गळ्याच्या खालच्या भागात चीर देतात, स्नायू बाजूला करतात, थायरॉईड ग्रंथी आड आली तर तीही हलवतात किंवा मधोमध विभागतात. श्वासनलिका डोळ्यांना दिसली की ती उघडून नळी बसवतात. चेव्हॅलियर जॅक्सन यांनी 1909 मध्ये या पद्धतीला शिस्त लावली.

परक्युटेनियस पद्धत

इथली युक्ती मला फार आवडते. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी रक्तवाहिनीत नळी घालण्यासाठी सोपा क्रम शोधला: आधी सुई, सुईतून वायर, मग सुई बाहेर, आणि वायरवरून नळी आत. 1985 मध्ये सियाग्लिया यांनी हाच क्रम श्वासनलिकेसाठी वापरला. वायरवरून एकापेक्षा एक जाड डायलेटर सरकवत त्यांनी छिद्र रुंद केलं. 1990 मध्ये ग्रिग्ज यांनी त्यासाठी खास चिमटा आणला. आता बहुतेक ठिकाणी निमुळता होत गेलेला एकच वाकडा डायलेटर वापरतात.

म्हणजे इथे कापणं कमी, ताणणं जास्त. पण श्वासनलिका बाहेरून दिसत नाही. म्हणून अनेक ठिकाणी ब्राँकोस्कोपचा कॅमेरा आत ठेवून सुई बरोबर मध्यभागी येतेय का ते बघतात, आणि वाटेत रक्तवाहिनी नाही ना, हे आधी सोनोग्राफीने तपासतात.

मग सरस कोणती?

2016 च्या कॉक्रेन आढाव्यात परक्युटेनियस पद्धतीत जखमेचा संसर्ग कमी आढळला. मृत्यूच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. शिवाय पेशंटला मशिनसकट थिएटरपर्यंत हलवावं लागत नाही.

पण ताणलेलं छिद्र पटकन मिटतं. पहिल्या आठवड्यात नळी निसटली तर ती अंदाजाने परत ढकलणं धोक्याचं असतं. नळी श्वासनलिकेऐवजी बाजूच्या ऊतींमध्ये शिरू शकते. अशा वेळी बहुधा पुन्हा तोंडातूनच नळी घालावी लागते.

मोठा गलगंड, मागे न वाकणारी मान, गळ्यावर आधी झालेलं ऑपरेशन किंवा लहान मूल असेल, तर साधारणपणे सर्जिकल पद्धत निवडतात.

लवकर केली तर फायदा?

ब्रिटनमधल्या ट्रॅकमॅन चाचणीत (2013) चार दिवसांच्या आत आणि दहा दिवसांनंतर, असे दोन गट होते. 30 दिवसांतला मृत्युदर 30.8 आणि 31.5 टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. त्यामुळे डॉक्टर "अजून दोन दिवस बघू" म्हणाले, तर तो हलगर्जीपणाच असेल असं नाही.

हे जरूर विचारा

- आमच्या पेशंटच्या गळ्यासाठी हीच पद्धत का?
- करताना कॅमेरा किंवा सोनोग्राफी वापरणार का?
- अडचण आली तर सर्जन हाताशी आहेत का?
- रात्री नळी निसटली तर कोण धावून येणार?

माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. छिद्र पाडण्याचं काम थोड्या वेळात आटोपतं. नळी सांभाळायची असते ती पुढचे कित्येक दिवस.