हीलिंग ब्रश ‘बिघडतो’ तेव्हा

लग्नसराईत फोटो स्टुडिओत हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘क्लोन चालत नाहीये, फोटोशॉप करप्ट झालंय.’ मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं. तास-दीड तास जातो आणि बऱ्याचदा अडचण जिथल्या तिथे. कारण ती सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. ती लेयर पॅनेलमध्ये नाहीतर वरच्या ऑप्शन बारमध्ये बसलेली असते.

सर्वांत मोठी तक्रार म्हणजे ब्रश फिरतो, पण काहीच उमटत नाही. मूळ फोटोला धक्का लागू नये म्हणून आपण नवा रिकामा लेयर घेतो. सवय उत्तमच, पण वर ‘सॅम्पल’समोर ‘करंट लेयर’ तसंच राहिलेलं असतं. रिकाम्या लेयरवरून ब्रशने उचलायचं तरी काय? तिथे ‘करंट अँड बिलो’ निवडा. स्पॉट हीलिंगला ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ची खूण करावी लागते. पॅच टूल मात्र नॉर्मल मोडमध्ये रिकाम्या लेयरवर चालतच नाही. त्यासाठी फोटोच्या लेयरची कॉपी घ्यावी.

दुसरा संशयित विसरलेलं सिलेक्शन. कोपऱ्यात कुठेतरी छोटीशी चौकट राहिलेली असते, कंट्रोल-एच दाबल्याने तिच्या सरकत्या रेघाही दिसेनाशा होतात, आणि ब्रश तिच्याबाहेर काम करायला साफ नकार देतो. कंट्रोल-डी दाबा, सुटलात.

आता जरा खोलवरचा गैरसमज: ‘हीलिंग आल्यावर क्लोन स्टॅम्प कशाला?’ हीलिंग ब्रश 2002 साली फोटोशॉप 7 मध्ये आला. क्लोन स्टॅम्प त्याच्याही आधीचा. पण दोघांची कामं वेगळी. क्लोन जसंच्या तसं उचलून ठेवतो. हीलिंग फक्त पोत उचलतो. रंग आणि उजेड मात्र जिथे ब्रश मारला तिथल्या आसपासचा घेतो. नवरीच्या नथीला अगदी लागून पुटकुळी आहे असं समजा. गालाच्या मधोमध असती तर एका टिचकीत गेली असती. इथे ब्रशची कड नथीच्या लाल खड्याला टेकते, तो लालसर-काळपट रंग त्वचेत झिरपतो आणि पुटकुळीच्या जागी मळकट डाग उरतो. ब्रश मोठा केला की डागही वाढतो. यावर उपाय असा: लॅसोने फक्त त्वचेचा भाग निवडा, निवडीची कड नथीच्या कडेला तंतोतंत लावा आणि मग हील करा, बाहेरचा रंग आत येत नाही. मघाशी ज्या सिलेक्शनला शिव्या घातल्या, तेच इथे कामी येतं. जागा अगदीच चिंचोळी असेल तर सरळ क्लोन मारावा.

‘क्लोनचा रंगच जुळत नाही’ असंही म्हणतात. वर कर्व्ह्जसारखा अ‍ॅडजस्टमेंट लेयर असेल आणि सॅम्पल ‘ऑल लेयर्स’वर असेल, तर उचललेल्या तुकड्यावर तोच कर्व्ह दुसऱ्यांदा लागतो. सॅम्पलशेजारच्या छोट्या बटणाने अ‍ॅडजस्टमेंट लेयर वगळता येतात. त्या बटणाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

ब्रशचा गोल जाऊन फुली दिसू लागली? कॅप्स लॉक चालू राहिलंय. जीआयएफ फाइलवर हीलिंग चालत नसेल तर ती इंडेक्स्ड कलरमध्ये आहे. इमेज मेनूतल्या मोडमध्ये जाऊन आरजीबी करा.

एवढ्यावरही अडलंच, तर ऑप्शन बारच्या डाव्या टोकाला असलेल्या टूलच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘रीसेट टूल’ करा. प्रेफरन्सेस रीसेट करण्याची वेळ त्यानंतरची: फोटोशॉप उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरायचं. मात्र त्याआधी स्वतःच्या अ‍ॅक्शन्स आणि ब्रश सेव्ह करून ठेवा. अल्बमचं काम ऐन भरात असताना त्या गेल्या तर पुटकुळी परवडली.