डोंगराच्या दोन बाजू

मुलुंड आणि बोरिवली या दोन उपनगरांमधील अंतर सरळ रेषेत मोजले तर जेमतेम १२ किलोमीटर भरेल. तरीही मुलुंडच्या एखाद्या शिक्षकाची बदली बोरिवलीच्या शाळेत झाली, तर घरात अभिनंदनापूर्वी चिंतेचाच सूर उमटतो. लोकलने जायचे तर आधी दक्षिणेकडे दादर गाठायचे आणि तेथे गाडी बदलून पुन्हा उत्तरेकडे यायचे. एका वेळचा हा प्रवास ४० किलोमीटरांहून अधिक होतो. बसने जायचे तर डोंगराला वळसा घालणे आलेच.

ही स्थिती निसर्गाने निर्माण केली, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. साष्टीच्या मध्यभागी आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला डोंगर उभा आहे, हे खरे. परंतु याच डोंगरातील कान्हेरीच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीपासून लोकांची ये-जा होती. तेथील ब्राह्मी शिलालेखांत कल्याण, सोपारा आणि नाशिक येथील दात्यांचे उल्लेख आढळतात. म्हणजे ज्याला आपण आज अडसर मानतो, तो एके काळी भोवतालच्या नगरांना जोडणारा दुवा होता.

उपनगरांना आजचे रूप दिले ते रेल्वेने. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली. १८६७ साली विरारकडून मुंबईकडे लोकल धावू लागली. दोन्ही मार्ग डोंगराच्या दोन अंगांनी गेले आणि दोघांचीही तोंडे दक्षिणेकडे होती, कारण बंदर, गिरण्या व कचेऱ्या तेथे होत्या. १९५० आणि १९५७ साली उपनगरे टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या हद्दीत आली. नकाशा एक झाला. परंतु शेजार काही जुळला नाही. मुलुंडकराला ठाणे आणि ऐरोली पुलापलीकडची नवी मुंबई जवळची. बोरिवलीकराला वसई-विरार जवळचे. एकमेकांना मात्र ते दूरचेच राहिले.

हा शेजार जुळवता येतो, याचे प्रत्यंतर जून २०१४ मध्ये आले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी ते घाटकोपर हा गर्दीच्या वेळी तासाहूनही अधिक खाणारा प्रवास वीस मिनिटांच्या आत आला. मार्ग अवघा ११.४ किलोमीटरांचा, परंतु त्याने दोन रेल्वेमार्गांवरील लाखो माणसांना प्रथमच आडवी वाट दिली.

आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे-बोरिवली बोगदा ही कामे हाती घेण्यात आली आहेत. जुलै २०२४ मध्ये दोन्ही बोगद्यांच्या कामांचे भूमिपूजन झाले. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून हे मार्ग जाणार असल्याने वनसंपदेची काळजी वाहणाऱ्यांनी उपस्थित केलेले प्रश्न दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु त्याइतकाच मूलभूत असा आणखी एक प्रश्न आहे : हे रस्ते कोणासाठी? दोन्ही प्रकल्प मुख्यतः रस्त्यावरील वाहनांचे आहेत. ज्याच्याजवळ मोटार आहे, त्याचा तास वाचेल, यात शंका नाही. ज्याच्याजवळ केवळ लोकलचा पास आहे, त्याचे काय?

उत्तर अवघड नाही. बोगदा खुला होईल त्या दिवसापासून त्यातून मुबलक सार्वजनिक बसगाड्या धावल्या पाहिजेत, त्यांना स्वतंत्र मार्गिका मिळाली पाहिजे आणि त्या थेट रेल्वे स्थानकांशी जोडल्या गेल्या पाहिजेत. भाडे कारकुनाच्या पगाराला पेलेल असे असावे. ही तरतूद आराखड्यातच झाली तर ठीक. मागाहून ती होत नाही, हा आपला अनुभव आहे.

डोंगर पोखरण्याचा खर्च सर्वांच्या करातून होणार असेल, तर पलीकडे जाण्याचा अधिकारही सर्वांचा असला पाहिजे. मुलुंडच्या शिक्षकाने बोरिवलीतील बदलीचा हुकूम निश्चिंत मनाने वाचावा, एवढे जरी साधले तरी हा खटाटोप सार्थकी लागला म्हणता येईल.