रॅपगीतातील ‘मी’ आणि कायदा

काव्यातील ‘मी’ म्हणजे कवी ही व्यक्तीच होय, असे आज कोणी गंभीरपणे मानीत नाही. लावणीतली विरहिणी बोलते तेव्हा तिचा कर्ता मिशाळ शाहीर आहे, ह्या जाणिवेने रसिकाच्या आस्वादात बाध येत नाही. परंतु रॅप ह्या गीतप्रकाराशी गाठ पडली की हा साधा सिद्धान्त डळमळू लागतो. येथे गाणारा स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या वस्तीचा उल्लेख करून प्रथमपुरुषी बोलतो. आपला बडेजाव सांगतो, प्रतिस्पर्ध्याला आव्हान देतो, त्याची अवहेलना करतो. हा ‘मी’ खरा की धारण केलेला, ह्या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या काळात समीक्षकांपेक्षा पोलीस ठाण्यांना आणि न्यायालयांनाच अधिक वेळा द्यावे लागले आहे. ते कोणत्या निकषावर द्यावे, हा प्रश्न मूलतः साहित्यविचाराचा आहे.

रॅपचा उगम १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन वस्त्यांत झाला. तालाच्या ठेक्यावर यमकबद्ध, वेगवान बोलणे हे त्याचे बाह्य रूप. स्पर्धा हा त्याचा अंतःस्वभाव. प्रतिस्पर्ध्याची हेटाळणी करणाऱ्या गीताला ‘डिस’ म्हणतात. एकाने ते म्हणावे, दुसऱ्याने त्याहून चढे उत्तर द्यावे आणि श्रोत्यांनी कौल द्यावा, असा हा प्रघात आहे. मराठी वाचकाला ह्यात परके वाटावे असे थोडेच आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्तीचे श्रेष्ठत्व सांगणारे कलगीवाले आणि शिवाचे श्रेष्ठत्व सांगणारे तुरेवाले समोरासमोर उभे राहत. एका पक्षाने भेदिक लावणीतून कूट घालावे, दुसऱ्याने त्याची उकल करून उलट सवाल टाकावा, आणि मध्ये एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढावीत, हे सर्व डफ-तुणतुण्याच्या साथीने रात्रभर चाले. शाहिराने प्रतिपक्षाला अज्ञानी किंवा भ्याड म्हटले, म्हणून कोणी ते चारित्र्याचे प्रमाणपत्र मानीत नसे. ती निंदा फडाच्या रिंगणातली होती, आणि त्या रिंगणात दोन्ही पक्ष आपखुशीने उतरलेले होते.

ही आपखुशी, म्हणजेच प्रतिस्पर्ध्याची संमती, हीच कलहकाव्याची पहिली अट होय. तिचे महत्त्व एका अलीकडच्या निर्णयाने चांगले स्पष्ट होते. २०२४ साली कॅनडाचा ड्रेक आणि अमेरिकेचा केंड्रिक लमार ह्या दोन विख्यात रॅपरांमध्ये डिसगीतांची झुंज झाली. लमारच्या शेवटच्या गाजलेल्या गीतात ड्रेकवर अत्यंत गंभीर आरोप होते. त्या गीताच्या प्रसारक कंपनीवर ड्रेकने २०२५ च्या जानेवारीत अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला. चिडीला पेटलेल्या रॅपझुंजीत उच्चारलेले शब्द सामान्य श्रोता वस्तुस्थितीचे कथन म्हणून ऐकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. ड्रेकने स्वतः त्या झुंजीत तितक्याच जहाल भाषेत भाग घेतला होता, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. म्हणजे न्यायालयाने सुटी ओळ न वाचता ती ज्या प्रकारातली आहे तो प्रकार वाचला.

प्रत्येक झुंज रिंगणातच राहते असे मात्र नाही. टुपाक शकूर आणि नोटोरियस बी.आय.जी. हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी सप्टेंबर १९९६ आणि मार्च १९९७ मध्ये, सहा महिन्यांच्या अंतराने, गोळीबारात मारले गेले. तेव्हापासून रॅपरच्या शब्दांकडे धमकी किंवा कबुली म्हणून पाहण्याची प्रवृत्ती बळावली. अमेरिकेतील फौजदारी खटल्यांत गीताच्या ओळी पुरावा म्हणून पुढे येऊ लागल्या, आणि त्याला आळा घालण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याला २०२२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

भारतातील ह्या प्रकाराचे स्वरूप पाहण्यास हनी सिंग ह्याची कारकीर्द उपयोगी आहे. २०११ च्या ‘इंटरनॅशनल व्हिलेजर’ ह्या संग्रहाने तो पंजाबी श्रोत्यांपलीकडे पोचला आणि पुढील तीन वर्षांत हिंदी चित्रपटसंगीतात त्याचा दबदबा निर्माण झाला. त्याच्या ‘माफिया मुंडीर’ ह्या मंडळात बादशाह आणि रफ्तार हे पुढे स्वतंत्रपणे गाजलेले रॅपर होते. ते मंडळ फुटले, आणि श्रेय व मान ह्यांवरून सुरू झालेले वितुष्ट वर्षानुवर्षे मुलाखतींतून आणि मंचांवरून चालू राहिले. हनी सिंग मध्यंतरी मानसिक आजारामुळे दीर्घकाळ अज्ञातवासात होता. २०१८ मध्ये तो ‘मखना’ ह्या गीताने परतला. २०२४ च्या मे महिन्यात डेहराडूनच्या एका कार्यक्रमात बादशाहने हे वैर आपण सोडून देत असल्याचे जाहीर केले. एवढा मोठा कलह, पण त्याने कायद्याचे दार फारसे ठोठावले नाही, कारण दोघेही एकाच रिंगणातले गडी होते.

हनी सिंगला कायद्याने गाठले ते दुसऱ्याच कारणाने. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीतील बलात्काराच्या घटनेने देश हादरलेला असताना, त्याच्या नावावर फिरणाऱ्या एका हिंसक गीतावरून संतापाची लाट उसळली आणि गुडगावमधील त्याचा नववर्षाचा कार्यक्रम रद्द झाला. ते गीत आपले नव्हेच, असे त्याने सांगितले. २०१९ साली ‘मखना’तील स्त्रीविषयक शब्दांवरून मोहालीत गुन्हा नोंदला गेला. नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात अश्लील गीतांबद्दल नोंदलेल्या प्रकरणात २०२२ च्या फेब्रुवारीत त्याला आवाजाचा नमुना देण्यासाठी हजर व्हावे लागले. ह्या तपशिलात एक अर्थ दडलेला आहे. ‘हा आवाज कोणाचा?’ हाच प्रश्न समीक्षकही विचारतो. पण यंत्राने ध्वनी जुळवून मिळते ते त्याचे उत्तर नव्हे. कंठ कोणाचा हे ठरल्यावरही, त्या कंठातून बोलणारे पात्र कोणते आणि ते कोणाला उद्देशून बोलते, हे उरतेच.

‘कोणाला उद्देशून’ हा निकष लावला की हनी सिंगच्या दोन कथा वेगळ्या पडतात. बादशाहला उत्तर देता येते. हिंसक गीतात जिचा उल्लेख वस्तू म्हणून होतो ती स्त्री रिंगणात उतरलेली नसते; तिची संमती नाही, आणि उलट सवाल टाकण्यास तिच्या हाती डफही नाही. म्हणून कलहकाव्याच्या प्रघाताचा आधार अशा गीताला घेता येत नाही. त्यावर खटला भरावा की केवळ कठोर टीका करावी, हा वेगळा प्रश्न. परंतु ‘रॅप असेच असते’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

ह्याहून तिसरा प्रकार महाराष्ट्रात २०२३ साली दिसला. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे ह्या तरुणाने राज्यातील सत्तांतराच्या काळी गाजलेल्या पन्नास खोक्यांच्या घोषणेवर रॅप रचले. अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. अपमान आणि गटागटांत वैमनस्य पसरविणे ह्यांची कलमे त्याला लावण्यात आली. त्याच सुमारास उमेश खाडे ह्या रॅपरवर, सामान्य जनतेच्या दुरवस्थेवरील गीतासाठी, मुंबईच्या वडाळा टी.टी. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. येथे ज्याच्यावर टीका होते तोही डफ घेऊन उतरलेला नसतो, हे खरे. परंतु जो सार्वजनिक सत्ता स्वीकारतो तो तिच्याबरोबर सार्वजनिक टीकाही स्वीकारतो, आणि त्याच्यापाशी उत्तराची साधने गाणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. संमतीची जागा येथे पदाने घेतलेली असते. मराठीत ही परंपरा नवी नाही. १९४७-४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले, तेव्हा अण्णा भाऊ साठे ह्यांच्यासारख्या शाहिरांनी ‘लोकनाट्य’ ह्या नावाने तोच राजकीय उपहास पुढे चालविला.

अशा प्रसंगी ऐकणारा कोणता कल्पावा? स्वातंत्र्याच्या तोंडावर नागपूर उच्च न्यायालयात भगवतीचरण शुक्ल ह्यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती विवियन बोस ह्यांनी त्याचे उत्तर दिले होते : शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी आणि धैर्यवान मनाच्या मापाने जोखावा, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुर्बल मनाच्या मापाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी ह्यांच्यावरील गुन्हा रद्द करताना हेच माप पुन्हा उचलून धरले. त्या निकालात न्यायालयाने ती उर्दू कविता स्वतः वाचून तिचा अर्थ लावला, आणि तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची तरतूद पोलिसांनी वापरणे योग्य ठरेल, असे सांगितले. ह्याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. वसंत दत्तात्रेय गुर्जर ह्यांच्या ‘गांधी मला भेटला’ ह्या कवितेसंबंधी २०१५ साली त्याच न्यायालयाने प्रकाशक व मुद्रक ह्यांना मोकळे केले. परंतु आदरणीय ऐतिहासिक पुरुषाच्या तोंडी अश्लील भाषा घालण्याची मुभा काव्यस्वातंत्र्यातून मिळत नाही, असे म्हणून कवीला खटल्यास सामोरे जाण्यास सांगितले. धारण केलेल्या वाणीविषयी कायद्याचे मन अद्याप स्थिर झालेले नाही, हे ह्या दोन निकालांवरून दिसते.

हा पेच मराठीपुरता नाही. २०१८ साली बंगळूरच्या पोलिसांनी कन्नड रॅपर चंदन शेट्टी ह्याला, त्याच्या ‘अंत्य’ ह्या गीतात गांजाचे उदात्तीकरण आहे म्हणून पाचारण केले. तेथे निंदेचा प्रश्नच नव्हता. नशेत बोलणारे पात्र म्हणजे श्रोत्याला केलेला उपदेश काय, एवढाच प्रश्न होता. व्हाइटफील्डच्या संगणक-कचेऱ्यांत काम करणारा मराठी तरुण मुंगासे आणि शेट्टी ह्या दोघांनाही एकाच दूरध्वनीवर ऐकतो. फडाला रिंगण होते, जाणते प्रेक्षक होते, रात्रीचा शेवट होता. दूरध्वनीच्या पडद्यावर ओळ सुटी होऊन येते. कोणी कोणाला, कोणत्या सवालाच्या उत्तरादाखल ती म्हटली, हे तिच्याबरोबर येत नाही. नेमके तेवढे पुरविणे हे समीक्षेचे काम आहे.

ते काम आजवर फार थोडे झाले आहे. शाहिरी वाङ्मयाची हस्तलिखिते जमवून संशोधकांनी फडाचे संकेत नोंदविले, म्हणूनच आज भेदिक लावणीतील शिवी आणि सिद्धान्त वेगळे करता येतात. रॅपगीतांच्या बाबतीत रचनेचा काळ, प्रसंग, प्रतिपक्ष, बोलीतील शब्दांचे अर्थ आणि प्रकाराचे संकेत ह्यांची अशीच नोंद आताच झाली पाहिजे. ती झाली, तर गुन्हा नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यापुढे आणि निकाल देणाऱ्या न्यायाधीशापुढे निदान एक जाणते वाचन असेल. ते नसताना विशी-पंचविशीतल्या एखाद्या मुलाने फौजदारी खटल्याची वर्षे सोसावीत आणि स्त्रीची विटंबना करणाऱ्याने मात्र प्रकाराच्या संकेताआड लपावे, असा दुहेरी अन्याय संभवतो.