हवेचा हिशेब

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण सारेच म्हणतो. ते खोटे नाही. पण पेट्रोल वाटेल तितके ओतता येते, अडते ते हवेपाशी. सिलिंडरात जितकी हवा मावेल, तेवढ्यापुरतेच पेट्रोल जळणार. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट घेतलेल्या कल्पनेचे मर्म एवढेच, की वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि इंजिनात हवा दाबून कोंबावी. हाच टर्बोचार्जर.

पण कोंबलेली हवा पचवावी लागते. दाबलेली हवा तापते, आणि सिलिंडरातील मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप भडकतो. यालाच नॉकिंग म्हणतात. १९६२ साली अमेरिकेत निघालेल्या ओल्डस्मोबिल जेटफायर गाडीत त्यावर उपाय म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचा फवारा मारीत. मालक ती टाकी भरायला विसरत, मग गाडीचा जोर ओसरे. १९६३ नंतर ती गाडी निघालीच नाही.

आज हौशी माणसे टर्बो नसलेल्या गाडीला घरच्या गराजात टर्बो बसवतात. १९८९ ची माझ्दा मिआटा घेऊ. तिचे १.६ लिटरचे इंजिन येणारी हवा एका झडपेने मोजी. टर्बो लावल्यावर झडप पूर्ण उघडून थांबते. हवा वाढत राहते, पण संगणकाला ते कळत नाही. म्हणून झडप काढून दाब मोजणारा सेन्सर आणि आज्ञा बदलता येणारा नवा संगणक बसवतात. त्याच्या पोटात दोन तक्ते असतात: एक पेट्रोलचा, दुसरा ठिणगीच्या वेळेचा. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत दाब. सोळा गुणिले सोळा म्हटले तरी एका तक्त्यात २५६ घरे झाली! ती घरे भरणे म्हणजेच ट्यूनिंग.

आमच्या मते बहुतेकांची घाई पहिल्याच पायरीला होते. संगणक म्हणतो ठिणगी १० अंश आधी पडली; ती खरोखर तेव्हाच पडली का, हे टायमिंग लाइट धरून पुलीच्या खुणेवर पाहिले पाहिजे. तिथे पाच-सहा अंशांचा फरक राहिला, तर पुढचा सारा तक्ता खोट्या पायावर उभा राहतो. दुसरी गोम इंजेक्टरची. आज्ञा मिळाल्यापासून तो उघडेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद जातो. ६००० फेऱ्यांना एका सिलिंडरचे चक्र २० मिलिसेकंदांत संपते, तिथे हा उशीर लपतो. उभ्या गाडीत मात्र इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडतो. तिथे चूक लगेच दिसते, इंजिन धडधडते किंवा बंद पडते.

मग रस्ता नव्हे, रोलर बरा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल. टर्बोने तो १५० झाला की हवा जवळजवळ दीडपट. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे रसायनशास्त्राचे प्रमाण, पण दाबाखाली ते बारापर्यंत किंवा थोडे खाली आणतात. जादा पेट्रोलाने मिश्रण थंड राहते. ठिणगीही थोडी उशिरा पाडतात. दाब एकदम वाढवायचा नाही: थोडा वाढवा, नोंद वाचा, घर सुधारा, मग पुढे. काही जुने जाणकार इंजिनाला तांब्याची नळी लावून नॉकिंग कानाने ऐकतात. ते वेडगळ वाटले तरी उपयोगी आहे. जोरदार नॉकिंग ऐकू आले आणि पाय उचलायला उशीर झाला, तर पिस्टन फुटतो, आणि महिन्यांची मेहनत तेलाच्या पात्रात तुकडे होऊन सापडते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने गाडीतील अशा बदलांवर बंधन आहे. म्हणून हा प्रयोग करा असे आम्ही सुचवत नाही, तो समजून घ्या एवढेच म्हणतो. शिवाय इथला हिशेब निराळा. आपल्या पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला नऊ भाग हवा पुरते, म्हणून या मिश्रणाचे प्रमाण १४.७ नसून सुमारे साडेतेरा होते. शुद्ध पेट्रोलवर भरलेला तक्ता इथे जशाचा तसा वापरला, तर प्रत्येक घरात पेट्रोल थोडे कमी पडेल, आणि सारी घरे पुन्हा तपासावी लागतील.