पॉवर ॲम्प्लिफायर व ध्वनिक्षेपक यांची जुळणी

सभागृहासाठी ध्वनियंत्रणा घेताना कमी वॅटचा ॲम्प्लिफायर ध्वनिक्षेपकास सुरक्षित असतो, असा समज सर्रास आढळतो. तो दिशाभूल करणारा आहे. ॲम्प्लिफायरवर क्षमतेपलीकडे संकेत लादल्यास तरंगांची शिखरे छाटली जातात. साइन तरंग पूर्णतः चौकोनी झाल्यास शिखर-व्होल्टता तीच राहूनही सरासरी शक्ती दुप्पट होते. म्हणजे २०० वॅटचा ॲम्प्लिफायर ४०० वॅटच्या आसपास पोहोचतो. शिवाय छाटणीतून उच्च वारंवारतेचे नवे घटक निर्माण होतात. ट्वीटरचे नाजूक तार-कुंडल बहुधा यामुळेच प्रथम जळते. म्हणून ध्वनिक्षेपकाच्या सातत्य-क्षमतेच्या दीडपट ते दुप्पट शक्तीचा ॲम्प्लिफायर निवडण्याची प्रथा आहे. अर्थात ही मोकळीक क्षणिक शिखरांपुरती असते. ती सतत वापरल्यास कुंडल तसेही जळेल.

संरोधाचा विचारही आवश्यक ठरतो. ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम, तर चार जोडल्यास २ ओहम होतो. किमान ४ ओहमसाठी बनविलेला ॲम्प्लिफायर अशा वेळी अतिप्रवाहाने तापतो. ब्रिज जोडणीत प्रत्येक वाहिनीस प्रत्यक्षाच्या निम्माच संरोध जाणवतो, ही बाब स्नेहसंमेलनाच्या गडबडीत हमखास विसरली जाते.

यंत्रणा सुरू करताना मिक्सर आधी व ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर प्रथम. अन्यथा मिक्सरचा विद्युत-धक्का वर्धित होऊन थेट ध्वनिक्षेपकावर आदळतो.